बुजागाली दाखवताना

सकाळी पावणेसातला, कंपालाच्या न्टिंडा भागातल्या एका घराच्या ओट्यावर मी एका मुलीला तुडवलं. ती मला नमस्कार करायला गुडघ्यावर बसली होती. बारा-तेरा वर्षांची, शाळेचा स्वेटर घातलेली. "रात्र कशी गेली, काका?" एवढंच तिला म्हणायचं होतं, पण त्यातलं 'काका' माझ्या पोटाखालून आलं, कारण तोवर मी तिच्या खांद्यावरून पुढे कोसळलो होतो. हातातली चावी फरशीवर लांब घसरत गेली. पोरगी आधी दचकली, मग फिदीफिदी हसली. दारातून तिची आई हसली. मीही हसलो, दोघींपेक्षा मोठ्यानं. "अगं, एवढ्या खाली बसतात का? विहीर खणायचीय का तुला?" असं काहीतरी बोलून मी चावी शोधायला वाकलो आणि ती कुठे गेली असेल याचा आवाजावरून अंदाज घेत हात फिरवला. आमच्याकडे कुणाच्याही उंबऱ्याशी आलेला माणूस आधी खाली बघतो. खाली कुणीतरी मुलगी, सून, भाची असतेच. पाच वर्षांच्या पोरालाही हे सांगावं लागत नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी हा माणूस खाली बघत नाही म्हणजे माजला, असं त्या घरात वाटलं असणार. मला ते चालण्यासारखं होतं. माजलेल्या माणसाला लोक गाडी चालवू देतात. फक्त हसणाऱ्यांची बेरीज जमेना. ओट्याच्या कोपऱ्यात वेताची खुर्ची करकरली, म्हणजे तिथं कुणीतरी होतं, आणि ते हसलं नव्हतं.

माझं नाव झेफानिया मुगोया. सव्वीस वर्षं मी लोकांना एका दिवसात नदी दाखवून आणतो. सकाळी कंपालातून निघायचं, वाटेत धबधबा, जंगल, भाजलेली केळी, मग पूल, मग नाईलच्या काठी अख्खा तळलेला मासा, आणि संध्याकाळच्या आत परत. या कामात डोळ्यांइतकीच जीभ लागते, आणि माणसं ओळखता यावी लागतात. गाडीत चढणाऱ्या माणसाचा पहिला पाय पायरीवर पडला की मी मनात त्याची नोंद करून टाकतो. हा नदी बघणार नाही, फोटो बघेल. ही लुगाझी गाव यायच्या आत पोटात ढवळतंय म्हणेल. हा नवऱ्याचा भाऊ नाही. अशा नोंदी सहसा चुकत नाहीत. त्या दिवशीची गिऱ्हाइकं दोनच होती. नाकितेंदे मॅडम, विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, पंचेचाळिशीच्या, टाचांचा आवाज असा की चार माणसं हाताखाली असावीत. आणि त्यांची आई, खुर्चीतली. मघाची मुलगी शिकवणी बुडायला नको म्हणून घरीच राहणार होती.

मॅडमनी मला फाटकाशी बाजूला घेतलं. "हे बघा मुगोया, आईला बुजागालीला जायचंय."

"मॅडम, बुजागाली तर..."

"मला माहितीय. तिला माहीत नाही."

बुजागालीचा धबधबा धरणाच्या तळ्यात बुडून आता आठ वर्षं होतील. जिथं पाणी उड्या मारत होतं तिथं सपाट पाणी आहे, आणि त्याच्यावर होड्या चालतात. "आई तरुणपणापासून तिकडे सुईण होती," मॅडम म्हणाल्या. "रोज तो आवाज ऐकून झोपायची म्हणते. आता एकदा ऐकायचाय म्हणून वर्षभर डोकं खाल्लंय माझं. तिला दिसत नाही, वीस वर्षं झाली. तुम्ही पुढच्या इतांडा धबधब्याला न्या आणि बुजागाली म्हणून सांगा. पाणी ते पाणीच. बोलता फार छान तुम्ही, असं आमच्या कचेरीतले म्हणतात."

आंधळ्या बाईला नसलेला धबधबा दाखवायचा, आणि दाखवणारा मी. वर बसलेल्यालाही कधीकधी करमत नसावं.

कारण मलाही दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण बंद मुठीच्या भोकातून बघितल्यासारखं. त्या भोकात जे येईल ते स्वच्छ, लखलखीत. पुढच्या ट्रकवरचं बायबलचं वचनसुद्धा मी वाचून दाखवतो आणि लोक म्हणतात, काय नजर आहे मुगोयाची. भोकाबाहेर काही नाही. पण हे 'काही नाही' काळं नसतं, हीच त्यातली लबाडी. कोपऱ्यात अंधार दिसला असता तर मी केव्हाच थांबलो असतो. मन तिथं रस्ता भरून देतं, सव्वीस वर्षांचा ओळखीचा रस्ता. कडेची दुकानं, एरंडाची झुडपं, सायकलवर केळ्यांचे घड लादून चालणारा माणूस. तो माणूस आजचा की सात वर्षांपूर्वीचा, हे मला सांगता येणार नाही. म्हणून मी मान सतत फिरवत चालवतो, डावीकडे, उजवीकडे, खाली, पुन्हा डावीकडे. गिऱ्हाइकांना वाटतं, किती रस घेतो हा माणूस निसर्गात. संध्याकाळची फेरी मी घेतच नाही. उजेड उतरला की ते भोकही मळतं. बायकोला मी उशिरा आलेलो चालत नाही, असं सगळीकडे सांगून ठेवलंय, आणि जिंजाचा ड्रायव्हर ब्यान्सी त्यावरून मला चार माणसांत बोलतो. "मुगोया, वहिनी काठी घेऊन उभी असेल रे, पळ!" पळतो मी. बायकोला यातलं काही माहीत नाही. तिच्या लेखी मी थोडा विसराळू झालोय. मोठी मुलगी कागोया परिचारिकेचं शिक्षण घेतेय, तिची अजून दोन वर्षं आहेत. दोन वर्षं मला डोळस राहायचंय, एवढाच माझा हिशेब.

इस्पितळात एकदा गेलो होतो. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावतात आणि हातात बटण देतात. ठिपका चमकला की दाबायचं. पहिले चार ठिपके दिसले, मग बराच वेळ काहीच नाही, नुसती यंत्राची घरघर. मला वाटलं, एवढा वेळ ठिपका नाही असं होणारच नाही. मग मी त्या घरघरीचा ताल पकडला आणि त्यावर दाबत गेलो. बाहेर आलो तो खुशीत. डॉक्टरीण तरुण होती. कागद बघून म्हणाली, "काका, ठिपका नसतानाही तुम्ही बटण दाबलंय. तेसुद्धा इथं उमटतं." मग हळू आवाजात म्हणाली, गेलेलं परत येत नाही, राहिलंय तेवढं सांभाळायचं. घरात आणखी कुणाला होतं का? मी म्हटलं, नाही. माझा बाप बावन्नाव्या वर्षापासून कामुलीकडच्या आमच्या अंगणात, फणसाखाली, तीन पायांच्या स्टुलावर बसून शेंगा सोलायचा. घरातल्यांनी त्याला ते काम दिलं होतं कारण त्याला डोळे लागत नाहीत. पावलावरून तो माणूस ओळखायचा. त्याला जमत नव्हतं एकच, स्टूल कुठे आहे ते. मी आठ-नऊ वर्षांचा असताना तो उठून लघवीला गेला की स्टूल हातभर सरकवायचो. तो यायचा, मागे हात न लावता बसायचा, कारण हात लावून बसणं त्याला कमीपणाचं वाटे, आणि धप्पदिशी मातीत पडायचा. आम्ही पोरं हसायचो. तोही हसायचा, आमच्यापेक्षा मोठ्यानं. ते त्याचं हसू मला त्या सकाळी ओट्यावर माझ्याच तोंडातून ऐकू आलं होतं, आणि मुकोनो गाव मागे गेलं तरी ते कानातून जाईना.

म्हातारीला मी जाजा म्हणू लागलो होतो, आमच्याकडे कुठल्याही आजीला म्हणतात तसं. ती मागे डाव्या खिडकीशी बसली होती, काच खाली करून. मॅडम फोनवर होत्या. मी माझं चालू केलं. "जाजा, आता उजवीकडे पपनसांचे ढीग लावलेत. आता उतार. आता नामावोजोलो आलं, केळी आणि कोंबडी भाजतायत, धूर बघा कसा पसरलाय." गाडी थांबली तशी दोन्हीकडून काड्या आत घुसल्या, काडीला कोंबडी, काडीला कलेजी, कागदात भाजलेली केळी, आणि त्यामागे नंबर लावलेल्या निळ्या कोटांतले विक्रेते एकमेकांना कोपरानं ढकलत.

"मुगोया, आज दोनच? बाकीचे पळाले काय तुझ्या बडबडीला?"

"तुझी कोंबडी खाऊन मेले," मी आवाजावरून सत्तेचाळीस नंबरच्या कोटाला ओळखून म्हटलं. "ही केळी दे, गरम दे, आणि कालची नको."

"कालची मी फक्त तुला देतो!"

जाजानं केळं हातात घेऊन आधी हुंगलं. मग म्हणाली, "पोरा, धूर तू सांगितलास आणि मग आला."

"वारा उलटा होता, जाजा."

"असेल," ती म्हणाली आणि खाऊ लागली.

सेझिब्वाच्या धबधब्याला उतरायला दगडी पायऱ्या आहेत. मॅडमना टाचांमुळे जमेना, म्हणून जाजाचा कोपर धरून मीच खाली घेऊन गेलो. तिचं कातडं कोरड्या केळीच्या पानासारखं, पण दंडात ताकद होती. कुणाला धरून नेतोय यापेक्षा कुणीतरी धरलंय, असंच मला वाटत होतं. खालच्या पायऱ्या मला दिसत नाहीत, त्या मी मोजतो. ओठ न हलवता मोजायची मला सवय आहे. शेवटची पायरी आली आणि जाजा म्हणाली, "एकोणीस." मी चमकलो. कारण त्याच क्षणी माझ्याही मनात एकोणीस होतं, आणि बहुतेक ते पुटपुटण्यातून बाहेर आलं होतं. "तूही मोजतोस होय," ती म्हणाली, विचारल्यासारखं नव्हे. मग पिशवीतून कॉफीचे चार दाणे काढून तिनं नदीच्या देवाला म्हणून पाण्यात टाकले. तिथं सगळेच टाकतात, चर्चला जाणारेसुद्धा, फक्त इकडेतिकडे बघून. तिला इकडेतिकडे बघायची गरज नव्हती.

माबिराच्या जंगलातून जाताना मी एका साखरेच्या ट्रकच्या मागे चिकटलो. हा माझा जुना उपाय. ट्रकचे लाल दिवे भोकात धरून ठेवायचे आणि तो जाईल तिथं जायचं. मॅडमना घाई नव्हती, त्यांना वाटलं मी सावध आहे. "आईला गतिरोधक जोरात आपटत नाहीत हे बरंय," त्या म्हणाल्या. गतिरोधक मला पाठ आहेत. जंगलात अकरा, पुढे न्जेरूपर्यंत सोळा. जे पाठ नाही त्याची भीती असते. शेळी, सायकल, शाळेतून सुटलेलं पोर. गेल्या महिन्यात एका बोडावाल्यानं मला शिव्या घातल्या, आपली भाड्याची मोटारसायकल हातभर अंतरावर आणून. मी त्याला बघितलंच नव्हतं, त्याच्या शिव्याच पहिल्यांदा भेटल्या. त्या रात्री मी गादीवर पडून छताकडे बघत ठरवलं होतं की आता बस्स, उद्या सांगायचं. उद्या दोन जपानी आले, पक्षी बघायला, आणि मी त्यांना अकरा पक्षी दाखवले. म्हणजे जिथं ते असतात ती झाडं दाखवली. त्यांनी वहीत अकराही लिहून घेतले.

पूल, जिंजा, मग कच्चा लाल रस्ता, आणि साडेबाराला इतांडा. गाडीचं दार उघडताच आवाज अंगावर आला. तिथं नदी खडकांवरून फुटत, उसळत, स्वतःवरच कोसळत खाली जाते. बोलायचं तर ओरडावं लागतं. मी जाजाला काठावरच्या झोपडीवजा छपराखाली बाकावर बसवलं आणि सुरू केलं. "हे आलं बुजागाली, जाजा! डावीकडचा प्रवाह रुंद आहे, मधला खडक काळा, त्याच्यावर बगळा बसलाय. पाणी तिथं आपटून वर जातं, त्यात इंद्रधनुष्य आहे, अगदी स्पष्ट!" मॅडम माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवत असाव्यात. म्हातारी डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत होती. मासा आला, आम्ही हातानं खाल्ला, तिनं काटे माझ्यापेक्षा नीट वेगळे केले. दोन वाजले. मी म्हटलं, निघूया. ती म्हणाली, "थांब की." अडीचला पुन्हा म्हटलं. "घाई काय आहे? इतक्या वर्षांनी आलेय." तीन वाजता निघालो तर आमच्याकडच्या संध्याकाळच्या आत, सहा-साडेसहाला, मी न्टिंडात पोचतो. साडेतीनला निघालो तर मुकोनोच्या गर्दीत उजेड मरतो. चारनंतरचा हिशेब मी कधी केलेलाच नाही. सव्वातीनला मी मॅडमना म्हटलं, पुढे गर्दी होते. मॅडम म्हणाल्या, "बसू द्या हो तिला, परत कधी येणार ती?" आणि फोनला सिग्नल मिळतो का बघायला टेकाडावर निघून गेल्या.

जाजानं बाकावर हात आपटून मला शेजारी बसायला सांगितलं. "हे बुजागाली नाही," ती म्हणाली. ओरडून नव्हे, तोंड माझ्या कानाशी आणून. "बुजागाली पोटातून बोलायचं. हे घशातून बोलतंय. बुजागाली गेलं ते मला रेडिओवर कळलं, त्याच वर्षी. नाकितेंदेला सांगू नकोस. तिनं दिवस काढलाय माझ्यासाठी, तिला बरं वाटू दे."

"मग आलात कशाला, जाजा?"

"घरात बसून काय करू? शेंगा सोलू?" ती म्हणाली.

मी माशाची रिकामी ताटली उगाच बाकाखाली सरकवली.

"तुझं किती गेलंय?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"पोरा, नात माझी पायाशी बसलेली असते आणि माणूस तिच्यावर आदळतो. पायऱ्या मोजतो. डोळस माणूस आधी बघतो, मग बोलतो. तू पूल सांगितलास, मग चाकाखालचा आवाज बदलला. तू बगळा सांगितलास. इतक्या आवाजात बगळा बसेल का रे खडकावर? मला आंधळीला कळतं. किती गेलंय?"

मी वळून बघितलं. मॅडम कुठे आहेत ते दिसलं नाही. मग एकाएकी मी सांगू लागलो. समोर करड्या रंगाची एक नळी आहे, तिच्या तोंडाशी पांढरं काहीतरी हलतंय, तेवढंच. खडक मला माहीत आहे, दिसत नाही. इंद्रधनुष्य सकाळी असतं, ते मी दुपारीही सांगतो. बगळा चार वर्षांपूर्वी होता. तुमचा चेहरा सकाळपासून मी तुकड्यातुकड्यानं बघितलाय, हनुवटी एकदा, डोळे एकदा, अजून जुळवलेला नाही. इतकं खरं मी सव्वीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. सांगताना बरं वाटेल असं कुठेतरी ऐकलं होतं. बरं वाटलं नाही. बोलत गेलो तसा तो मनात भरून ठेवलेला रस्ता विरत गेला, एकेक दुकान, एकेक झुडूप, आणि त्यांच्या जागी काय आहे ते कळेना. आता गाडीत बसलो तर पहिल्या वळणालाही माझ्याजवळ काही शिल्लक नसेल, हे माझ्या लक्षात आलं.

"मी तीन वर्षं कुणाला बोलले नाही," जाजा म्हणाली. "बाळंतपणं हातानं होतात, डोळे कशाला? खरंच होत होती. लोक म्हणायचे, अंधारातसुद्धा हिचा हात चुकत नाही. तिसऱ्या वर्षी पलीकडच्या गावात एक बाई होती, नांगोबी नाव, पहिलटकरीण. मूल झालं, छान रडलं. कंदील लांब होता. खाली झाडाच्या सालीचं काळपट कापड अंथरलेलं. माझ्या हाताला ओलं लागलं, गरम. मला वाटलं, पाणीच असेल. मी मूल पुसत बसले, गाणं म्हणत." पाणी घशातून बोलत राहिलं. "बाईचं बोलणं थांबलं तेव्हा मला कळलं. आणि मी सांगितलं, देवाची मर्जी. सगळ्यांनी मानलं. माझं नाव चांगलं होतं ना."

माझ्या बायकोचं नाव नांगोबी आहे. आमच्याकडे शंभर बायकांचं असतं. तरी मी बाकाची कड घट्ट धरली.

"मला सकाळीच उतरायला हवं होतं तुझ्या गाडीतून," ती म्हणाली. "नाही उतरले. बाहेर पडायची हाव. माझं काय, मी ब्याऐंशीची. पण परत जाताना माझी लेक आहे गाडीत, आणि रस्त्यावर तर सगळ्यांचीच पोरं. म्हणून तुला बसवून ठेवलंय उजेड जाईपर्यंत. तू सांगतोस की मी सांगू?"

"कागोयाची दोन वर्षं राहिलीत," मी म्हटलं. तिला कागोया कोण ते माहीत नव्हतं. तिनं विचारलंही नाही.

मॅडम टेकाडावरून उतरत आल्या. टाचांऐवजी आता अनवाणी पावलं होती, पण मी ओळखली. मी उभा राहिलो, टोपी काढली, का ते ठाऊक नाही, आणि म्हणालो, "मॅडम, मला दिसत नाही. गाडी मी चालवू शकत नाही."

"काय झालं? डोळ्यात काही गेलं?"

"नाही. सहा वर्षं झाली."

त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे येताना...?"

"हो."

"जंगलातसुद्धा? त्या ट्रकमागे?"

"हो, मॅडम."

"तुम्ही आम्हाला मारलं असतं."

मी तिसऱ्यांदा हो म्हटलं. मी थपडेची वाट बघत होतो. थप्पड मला दिसली नसती, आणि तेही बरंच होतं. पण त्या फोन काढून म्हणाल्या, "जवळपास तुमच्या ओळखीचा दुसरा कुणी आहे?" आणि मी ब्यान्सीचा नंबर तोंडपाठ सांगितला. जाजा त्या वेळी पाण्याकडे तोंड करून, काहीच कानावर न पडल्यासारखी बसली होती. "किती छान आहे गं बुजागाली," ती मुलीला म्हणाली.

ब्यान्सी तासाभरानं बोडावर बसून आला. लांबूनच ओरडला, "काय रे मुगोया, अजून इथंच? वहिनीनं घरातून काढलं वाटतं!" मॅडम त्याला आडोशाला घेऊन गेल्या. बोलणं मला ऐकू आलं नाही, पाणी फार बोलत होतं. परत आला तेव्हा त्याच्या पावलांचा आवाज बदलला होता, चर्चमध्ये शिरताना होतो तसा. "चावी देता का, मुगोया?" तो म्हणाला. सव्वीस वर्षांत ब्यान्सीनं मला अहोजाहो केलं नव्हतं. एक शिवी दिली असती तर मी त्याचे पाय धरले असते. त्यानं माझ्या कोपराला हात लावला, अगदी हलका, आणि मला मागच्या दाराशी नेलं. "डोकं सांभाळा," म्हणाला. मग पुढे बसून त्यानं सीट मागे सरकवली, कड्कड् करत चार खाचा, आणि तिन्ही आरसे हलवले. ते आरसे कसे लावायचे हे मला सहा वर्षांपूर्वीच विसरायला हवं होतं. त्यांत मला असाही फक्त माझा कान दिसायचा.

मी आणि जाजा मागे, मॅडम पुढे. पूल ओलांडला तोवर आकाश विटक्या तांब्यासारखं झालं असावं, असं मी नुसतं मानलं. ब्यान्सी गाडी चालवताना बोलत नाही, म्हणूनच त्याला माझ्यासारखी गिऱ्हाइकं मिळत नाहीत. ती शांतता मला सोसेना. चढ लागला, इंजिनचा आवाज जड झाला, आणि जीभ आपोआप सुटली. "जाजा, आता डावीकडे चहाचे मळे लागलेत. उतारावर कसे कापून ठेवलेत बघा, गालिचा पसरल्यासारखे."

पुढून ब्यान्सी खाकरला. "चहा काढला तिथला," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. आता ऊस आहे."

कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून मॅडम म्हणाल्या, "येतानाही तुम्ही चहाच सांगितला होतात. मला वाटलं, मीच चुकीच्या बाजूला बघतेय."

दोन वर्षं. मी मनात मोजायला लागलो. आठवड्याला दोन-तीन फेऱ्या, गाडीत कधी चार, कधी नऊ माणसं. शिक्षक, बँकेतले, लग्न झालेली जोडपी, नदीपल्याड कधी न गेलेल्या म्हाताऱ्या, डेन्मार्कचे, नैरोबीचे. या सगळ्यांनी मी हात दाखवला तिकडे बघितलं होतं, उसाच्या भिंतीकडे, आणि म्हटलं होतं, वा, काय हिरवंगार आहे. एकानंही विचारलं नव्हतं, कुठंय चहा? माझा मान राखला त्यांनी. आमच्याकडे बोलणाऱ्या माणसाचा मान राखतात. मला वाटत होतं, मी त्यांना फसवतोय. ते मला सांभाळून घेत होते, एकेक करून, शेकड्यांनी, आणि घरी गेल्यावर कुणी हसलंही नसेल.

जाजाचा हात सीटवरून सरकत आला आणि माझ्या मनगटापाशी थांबला. "सांग ना पुढचं," ती म्हणाली. "चहाचंच सांग. मला चालतंय." मी तोंड उघडलं. बाहेर काय होतं? चढ संपला होता, की हा दुसरा चढ? जंगल सुरू झालं असेल तर वास यायला हवा होता, पण ब्यान्सीनं काचा वर केल्या होत्या. गतिरोधक मी मोजत होतो, पण तो वेगळ्या वेगानं चालवत होता आणि माझी गणती चुकली होती, चार की पाच. शेजारी एक आंधळी बाई बसली होती, माझ्या बोलण्याची वाट बघत, आणि तिला द्यायला माझ्याजवळ एक झाडही नव्हतं. काचेला कपाळ टेकवून मी बघितलं. काच थंड होती एवढंच कळलं. ज्या रस्त्यावर मला आजवर कुणी काही विचारलं तर उत्तर माझ्याजवळ असायचं, त्या रस्त्यावर मी घसा खाकरून, कुणाला उद्देशून ते न ठरवता, विचारलं, "आता कुठं आलो आपण?"

मॅडम पुढच्या सीटवरून मागे वळल्या. त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता. "आपण जंगलात आलोय, मुगोया," त्या म्हणाल्या, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं, सावकाश. सकाळपासून त्या आईशी बोलत होत्या त्याच आवाजात. "दोन्ही बाजूंना झाडं आहेत. मोठी मोठी झाडं."